कलमी वांगी आणि टोमॅटोची रोपं: कोकणातल्या तांबड्या मातीत लावून बघितल्यावरचा रिव्ह्यू

ज्यांच्या वांग्याची झाडं हिरवीगार असतानाच एक-दोन दिवसांत मान टाकतात त्यांनी हे आधी वाचा, बाकीच्यांनी सावकाश वाचलं तरी चालेल. कारण कलमी भाजीच्या रोपांबद्दल सध्या जे काही ऐकायला मिळतं त्यात अर्धं 'दुप्पट उत्पन्न, दुप्पट उत्पन्न' एवढंच असतं आणि खरं महत्त्वाचं कोणी सांगतच नाही. माझं मत पहिल्यांदाच सांगून टाकते: जमीन आजारी असेल आणि तुम्हाला तुमच्याच आवडीचं, तुमच्याच बियाण्याचं वांगं हवं असेल तर कलमी रोपासारखी दुसरी वस्तू नाही. जमीन चांगली असेल तर एवढे पैसे घालायची काहीच गरज नाही. आणि दोन्ही बाबतीत खुंट, म्हणजे ज्याच्या मुळावर आपली काडी जोडलेली असते ते खालचं रोप, कोणता वापरलाय हे विचारल्याशिवाय एक रोपसुद्धा घेऊ नका.

आमचं शेत सिंधुदुर्गात, कुडाळ तालुक्यात. भात कापलं की विहिरीच्या पाण्यावर वांगी, मिरची, मुळा, तांबडी भाजी, थोडा टोमॅटो असं सगळं करतो, घरी लागेल ते ठेवून बाकी बाजारात आणि कधी कधी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात जातं. माती तांबडी, जांभ्या दगडावरची, आंबट. या मातीत वांगं येतं छान, पण मर रोग पाचवीला पुजलेला. आणि हा मर घाटावरच्या मरासारखा नाही हं, म्हणजे पानं पिवळी पडतायत, हळूहळू सुकतायत असलं काही नाही. सकाळी झाड टवटवीत, दुपारी शेंडा खाली, संध्याकाळी जरा सावरल्यासारखं वाटतं आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी झाड गेलं. पानं हिरवीच असतात. लोकांना वाटतं पाणी कमी पडलं म्हणून अजून पाणी सोडतात आणि त्याच पाण्यातून रोग पुढच्या सरीत जातो.

ओळखायची एक सोपी पद्धत आहे ती सगळ्यांनी एकदा करून बघाच. मान टाकलेल्या झाडाचं बुंध्याजवळचं खोड धारदार कोयत्याने कापायचं, वीतभर तुकडा घ्यायचा आणि काचेच्या ग्लासात स्वच्छ पाणी घेऊन कापलेलं टोक पाण्यात जेमतेम बुडेल असा धरायचा, हलवायचा नाही. थोड्या वेळात त्या टोकातून पांढरट, दुधासारखा धागा पाण्यात सरळ खाली उतरायला लागतो. तो धागा म्हणजे जिवाणू. राल्स्टोनिया सोलॅनसीॲरम हे त्याचं नाव, मुळातून आत शिरतो, पाणी वर नेणाऱ्या नळ्यांमध्ये वाढतो आणि त्या बंद करून टाकतो, म्हणून जमिनीत पाणी असूनही झाड तहानेने मरतं. आमच्या ग्लासात तो धागा इतका स्पष्ट दिसला की सासूबाईंनी ते पाणी शेतात ओतायचं नाही म्हणून लांब नेऊन टाकायला लावलं, आणि ते बरोबरच केलं. याच्यावर झाडाला लागू पडेल असं भरवशाचं औषध नाही. दुकानदार काहीतरी पावडर, काहीतरी बाटली देतात, ते पैसे गेले समजायचे. जिवाणू मातीत राहतो, वांगं, टोमॅटो, मिरची, बटाटा सगळ्यांना लागतो. मध्ये भात घेतल्याने थोडा फरक पडतो पण भाजीची जागा विहिरीजवळ म्हणून दरवर्षी तीच, मग तो जाणार कुठे.

आता कोणी म्हणेल की मरीला तोंड देणाऱ्या जाती आहेत की. आहेत, आणि चांगल्या आहेत. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेच्या अर्का केशव, अर्का निधी, अर्का नीलकंठ, केरळ कृषी विद्यापीठाची सूर्या, टोमॅटोत अर्का रक्षक. ज्याला फक्त वांगं हवंय, कुठलंही चालेल, त्याने सरळ यातली जात लावावी, कलमाच्या भानगडीत पडूच नये, स्वस्तात काम होतं. पण आमच्याकडे गिऱ्हाईक वांगं बघून घेतं. इथल्या गावठी वांग्याची एक सवय असते लोकांना, काप करायला कुठलं, सुकट घालून रसाला कुठलं, भरायला कुठलं हे बायका लांबून ओळखतात. तिकडे गोव्यात आगशीच्या वांग्याला तर भौगोलिक मानांकनसुद्धा मिळालंय, ते वांगं सोडून दुसरं लाव म्हणून तिथल्या शेतकऱ्याला कोण सांगणार? तर ज्याला जात सोडायची नाही पण मर मात्र टाळायचीय त्याच्यासाठी कलम.

कोकणातल्या माणसाला कलम म्हणजे काय हे शिकवायला नको. कोय कलम, पाचर कलम, खुंटी कलम हे शब्द घराघरात. घाटावर नाशिक-सांगलीकडे द्राक्षवाले डॉगरिज नावाच्या द्राक्षाच्या खुंटावर डोळे भरतात तेही माहीत असतं. भाजीचं कलम तेच, फक्त सगळं पेन्सिलीपेक्षाही बारीक खोडावर आणि आठवडाभरात उरकायचं. खाली खुंट रानवांग्याचा, सोलॅनम टॉर्वम, ज्याची वाटाण्याएवढी हिरवी फळं तमिळनाडूत सुंडक्काय म्हणून आमटीत घालतात ना, तोच. काटेरी, दांडगा, मुळं खोल. जिवाणूजन्य मर, बुरशीची मर, मुळावर गाठी करणारे सूत्रकृमी या सगळ्यांना तो बऱ्यापैकी पुरून उरतो. आणि वर काडी आपल्या वांग्याची. म्हणजे मातीशी गाठ रानवांग्याची आणि ताटाशी गाठ आपल्या वांग्याची.

आता रोपांकडे येते. पहिल्यांदा ज्या नर्सरीतून मागवली तिचं नाव घेत नाही पण अनुभव सांगते. ट्रे आले, रोपं दिसायला छान हिरवी, क्लिपा लावलेल्या. पण जवळून बघितलं तर काही रोपांचा सांधा इतका खाली की कोकोपीटला, म्हणजे ट्रेमधल्या नारळाच्या भुशाला, टेकलेला, आणि तिथून वरच्या काडीला पांढरी बारीक मुळं फुटून खाली कोकोपीटमध्ये गेलेली. हे कलम असून नसल्यासारखं! वरच्या वांग्याचं स्वतःचं मूळ जमिनीत गेलं की जिवाणूला दार उघडं, मग खालच्या खुंटाचा उपयोग काय. काही रोपांत सांध्यावर बोट ठेवून हलकं वाकवलं की काडी सुटून हातात, म्हणजे जोड बसलेलाच नाही, नुसत्या क्लिपेवर उभी. आणि फोन करून विचारलं की खुंट कोणता वापरलाय तर उत्तर काय, 'ताई, कलमी आहे, सगळं सेमच असतं'. सगळं सेम नसतं हो. खुंट साध्या वांग्याचाही असतो, रानवांग्याचाही असतो, रानवांग्यातही प्रकार आहेत, आणि ज्याला मर आहे, ज्याला सूत्रकृमी आहे, ज्याच्याकडे पाणी साचतं, त्या प्रत्येकाला वेगळा खुंट लागू शकतो. बारा रुपयांच्या रोपातले दहा रुपये आपण खुंटाचेच देतो, मग त्याचं नाव बिलावर का नको?

त्यानंतर दुसरी नर्सरी शोधली, घाटावरचीच, तिथे जाऊन बघितलं आणि तेव्हा कळलं की चांगलं रोप महाग का पडतं. रानवांग्याचं बी उगवायला फार आळशी, एकसारखं उगवत नाही, वाढही सावकाश, म्हणून खुंटाचं बी आधी टाकायचं आणि वांग्याचं बी कितीतरी दिवसांनी, म्हणजे दोघांची खोडं एकाच वेळी सारख्या जाडीची होतील. जाडी जमली नाही तर सालीला साल लागत नाही. मग ब्लेडने खुंट वरून उडवायचा, मध्ये चीर द्यायची, काडीला दोन्ही बाजूंनी पाचरीसारखा तास देऊन आत बसवायची आणि सिलिकॉनची छोटी क्लिप लावायची. किंवा दोन्हीकडे तिरका काप देऊन एकावर एक ठेवून क्लिप. तिथल्या बायकांचे हात असे चालत होते की बघत राहावं, आणि प्रत्येकीजवळ ब्लेड बुडवायला औषधाची वाटी, कारण एका रोगट रोपाचा रस ब्लेडवरून पुढच्या सगळ्या रोपांना लागतो. माझे दीर आंब्याची कलमं बांधतात, त्यांनी बघून एवढंच म्हटलं की आंब्याला चूक झाली तर आंबा थांबतो, हे थांबणार नाही.

खरं काम पुढेच आहे. जोडलेली रोपं प्लॅस्टिक झाकलेल्या बोगद्यात ठेवतात, आत 90 टक्क्यांच्या वर दमटपणा, 25 ते 28 अंश तापमान, पहिले एक-दोन दिवस जवळजवळ अंधार. कारण काडीला अजून मूळच नाही, उजेड आणि वारा मिळाला की ती पाणी उडवून सुकून जाईल. मग रोज थोडं थोडं उघडून आठवडाभरात बाहेर, पुढे आठ-दहा दिवस सावलीच्या जाळीखाली कडक करायची. ज्या नर्सरीला घाई असते ती हे शेवटचं कडक करणंच खाते आणि मग रोप आपल्या शेतात येऊन मरतं, वर आपल्यालाच म्हणतात पाणी दिलं नसेल. म्हणून ट्रे हातात आला की मी काय बघते: सांधा मातीपासून दोन-तीन बोटं वर आहे का, सांध्याभोवती फुगीर कडं धरलंय का, क्लिप आपोआप सैल झालीय का, पानं जाडसर हिरवी आहेत की लुसलुशीत पिवळट. आणि दोन-चार रोपं ट्रेमधून ओढून मुळं पांढरी आहेत ना. या दुसऱ्या नर्सरीने बिलावर खुंटाचं नाव लिहून दिलं, मी दिलेल्या गावठी बियाण्यावरच कलमं केली आणि वाटेत घाटात मोडलेली रोपं बदलून दिली. यासाठी त्यांना पूर्ण मार्क.

लावणीत एकच गोष्ट डोक्यात पक्की ठेवायची, सांधा मातीच्या वर. आपल्याला लहानपणापासून सवय असते रोप जरा खोल लावायची आणि नंतर बुंध्याला मातीची भर द्यायची. कलमी रोपाला ती सवय नडते. आमच्या वाडीतल्या एकांनी नेहमीसारखी भर दिली, सांधे पुरले गेले आणि माघात त्यांची झाडं तशीच मेली जशी साधी मरतात, आणि आता ते सगळीकडे सांगत फिरतात की कलमी म्हणजे फसवणूक. दुसरं, सांध्याच्या खालून खुंटाला फुटवे येतात. त्यांची पानं मोठी, खाचेदार, काटे असलेली, फुलं पांढरी झुपक्याने. आपल्या वांग्याची फुलं जांभळी, त्यामुळे ओळखायला सोपं. ते फुटवे दिसले की लगेच मोडायचे, ठेवलेत तर रानवांगं वाढतं आणि आपली काडी उपाशी राहते. अंतर पण मोकळं ठेवायला लागतं, मी तीन बाय तीन फुटांवर लावली, आणि काठीचा आधार द्या, झाड जड होतं, वाऱ्यात सांध्यावर मोडायची भीती.

आता मुख्य प्रश्न जो सगळे विचारतात, चव बदलते का? वांग्यापुरतं माझं उत्तर स्वच्छ आहे: नाही बदलत, उलट हंगामाच्या शेवटी तर कलमी झाडाचं वांगं जास्त चांगलं असतं. घरात मुद्दाम दोन्ही झाडांची वांगी एकाच दिवशी काढून, तांदळाचं पीठ आणि रवा लावून काप केले, न सांगता वाढले. सासूबाई म्हणाल्या, 'चव तीच आसा गो'. कापल्यावर काळं पडायचा वेग मला सारखाच दिसला, साल किंचित जास्त चकचकीत, फळ जरा भरदार. पण खरा फरक फेब्रुवारी-मार्चमध्ये कळतो. तोपर्यंत साधी झाडं, जी मरीतून वाचलेली असतात ती, थकलेली असतात, मुळं अर्धी गेलेली, ऊन वाढलेलं, आणि मग वांगी लहान, कडक, आत बियांचा गच्च गर आणि घशाशी कडवट. ते काही जातीचा दोष नसतो, झाडाला पाणी आणि अन्न पुरत नाही त्याचा दोष असतो. कलमी झाडाचं मूळ अजून कामावर असतं म्हणून त्याचं वांगं शिमग्यातसुद्धा डिसेंबरसारखं मऊ निघतं. मर्जी तुमची, पण मला विचाराल तर गुणवत्ता सुधारली ती इथे, आणि बाजारातही भाव याच वेळी मिळतो कारण बाकीच्यांची वांगी संपलेली असतात.

एक सावधगिरी मात्र. हे मूळ अन्न जोरात ओढतं, त्यामुळे नेहमीएवढा युरिया टाकलात तर झाड नुसतं पानांनी माजतं आणि फुलं उशिरा येतात. मी शेणखत भरपूर आणि युरिया हात राखून असं केलं. पहिलं फळ तरीही साध्या झाडांपेक्षा थोडं उशिरा आलं, त्यामुळे ज्याला दिवाळीनंतर लगेच माल हवाय त्याने हे लक्षात घ्यावं.

टोमॅटोचं गणित वेगळं आहे. टोमॅटोला आमच्याकडे जो खुंट मिळाला तो वांग्याचा. तैवानमध्ये जागतिक भाजीपाला केंद्र आहे, त्यांनी बऱ्याच वर्षांपूर्वी इजी 203 नावाचं वांगं खुंट म्हणून निवडलं, कारण वांग्याचं मूळ मरीलाही टिकतं आणि पाणी साचलं तरी काही दिवस तग धरतं. टोमॅटोच्या मुळाला पाण्यात उभं राहणं अजिबात जमत नाही. आमच्याकडे अवकाळी पाऊस हल्ली कधीही येतो, त्यामुळे हा फायदा मला फार मोठा वाटतो. चवीत इथे फरक पडू शकतो, आणि त्याचं कारण समजण्यासारखं आहे. खुंट जोरदार असेल आणि पाणी भरपूर वर चढवत असेल तर फळ मोठं होतं पण रस पांचट होतो. उलट वांग्यासारखा खुंट टोमॅटोला जरा हात आखडून पाणी देतो तेव्हा फळ लहान राहतं आणि गोडी थोडी वाढते, जपानमध्ये टोमॅटो वांग्याच्या जातीवर बांधून बघितला तेव्हा असंच आढळलं होतं, गोडी वर आणि उत्पन्न खाली. माझ्या वाफ्यात फळ थोडं लहान आलं हे खरं, आणि सारात घातलं तर छान आंबटगोड. पण काही फळांच्या बुडाला काळा चट्टा पडला, कॅल्शियम कमी पोचलं की पडतो तो. पाणी एक दिवस भरपूर आणि चार दिवस काही नाही असं असेल तर तो वाढतो, ठिबकवर थोडं थोडं रोज दिलं आणि लावणीआधी जमिनीत चुना मिसळला असेल तर बराच आटोक्यात राहतो. टोमॅटोला मी वांग्याएवढे मार्क देणार नाही, पण जिथे टोमॅटो लावणंच सोडून दिलं होतं तिथे टोमॅटो खायला मिळाला, हेही काही कमी नाही.

कलिंगडवाल्यांसाठी इथे जरा थांबते, कारण आपल्याकडे भातानंतर कलिंगड करणारे पुष्कळ आणि त्यांना पण हल्ली कलमी रोपांच्या जाहिराती येतात. मुळात भाजीच्या कलमाचा हा उद्योग आधुनिक काळात सुरू झाला तोच कलिंगडावर, जपान आणि कोरियात, 1920 च्या दशकाच्या शेवटी, कारण तिथे एकाच जमिनीत पुन्हा पुन्हा कलिंगड घेऊन फ्युजेरियम बुरशीची मर लागली होती. खुंट म्हणून भोपळा आणि दुधी. आज त्या दोन्ही देशांत बहुतेक कलिंगड कलमीच असतं. पण चवीच्या तक्रारी सगळ्यात जास्त याच पिकात येतात. भोपळ्याच्या काही खुंटांवर कलिंगडाची साल जाड होते, गर घट्ट होतो, कधी मध्ये पांढरट शिरा, कधी गोडी कमी आणि क्वचित भोपळ्याचा वास. घट्ट गर लांब पाठवायला बरा, फळ वाहतुकीत टिकतं, पण हायवेला फोडून फोड हातावर देणाऱ्याचं त्याने काय होणार. दुधीच्या खुंटावर हा त्रास तुलनेने कमी, आणि कलिंगडाच्याच रानटी जातीच्या खुंटावर आणखी कमी. शिवाय कलमी कलिंगड पिकायला वेळ घेऊ शकतं, म्हणून नेहमीच्या दिवसावर तोडून चाखलं आणि नाव ठेवलं असं करू नका. मी स्वतः कलमी कलिंगड लावलेलं नाही त्यामुळे त्याला मार्क देत नाही.

काकडीची गोष्ट मला सगळ्यात भारी वाटते. काकडीवर ती पांढरी भुकटीसारखी लव असते ना, ती सिलिकाची असते, मातीतून मूळ ओढतं ती. जपानमध्ये गिऱ्हाइकाला वाटायचं की ते औषध मारलेलंय. मग त्यांनी भोपळ्याचा असा खुंट निवडला जो सिलिका ओढतच नाही, आणि त्यावरच्या काकड्या आरशासारख्या चमकायला लागल्या. बाजारात त्याच चालल्या. पण सिलिका कमी म्हणून पानांवर भुरी रोग जास्त. म्हणजे बघा, जात तीच, फळाचं रूप बदललं ते जमिनीखालच्या मुळामुळे. म्हणूनच मी पुन्हा पुन्हा खुंटाचं नाव विचारा म्हणते.

कलमाने काय होत नाही तेही ऐका, कारण विकणारे हे सांगत नाहीत. शेंडा आणि फळ पोखरणारी अळी कलमी वांग्यालाही तेवढीच लागते, काकणभर जास्तच कारण पाला जास्त. वाळलेले शेंडे खुडून जाळणं, कामगंध सापळे लावणं हे सगळं करावंच लागतं. पर्णगुच्छ, म्हणजे पानं बारीक होऊन झाड झुडपासारखं दिसतं तो रोग तुडतुड्यांमुळे येतो, तो पण थांबत नाही. टोमॅटोचा पानं मुरडणारा व्हायरस पांढरी माशी आणते, तिला खाली कोणाचं मूळ आहे याच्याशी काही देणंघेणं नाही. कलम फक्त मातीतल्या शत्रूसाठी आहे.

आणि एक कळकळीची विनंती. व्हिडिओ बघून घरी कलम करणारे लोक वाढलेत, चांगलं आहे, पण टोमॅटो किंवा वांगं कोणी धोतऱ्यावर बांधू नका. धोतरा वांग्याच्याच कुळातला, कलम लागतं पण मस्त, झाड जोमाने वाढतं, फळही सुंदर दिसतं. पण धोतऱ्याचं विष तयार होतं त्याच्या मुळात आणि तिथून वर चढतं, खुंट म्हणून लावला तरी ते टोमॅटोत उतरतं. अमेरिकेत टेनेसी राज्यात 1960 च्या दशकात असे टोमॅटो खाऊन माणसांना विषबाधा झाल्याची नोंद आहे. आमच्याकडे बांधावर धोतरा उगवतो आणि फुकट मिळतो म्हणूनच सांगतेय.

ज्यांना हौस म्हणून काही करायचंय त्यांच्यासाठी वाराणसीच्या भारतीय भाजीपाला संशोधन संस्थेने 2021 मध्ये 'ब्रिमॅटो' दाखवलं होतं, एकाच वांग्याच्या खुंटावर एक फांदी वांग्याची, काशी संदेश, आणि एक टोमॅटोची, काशी अमन. त्याच्या आधी बटाट्यावर टोमॅटो बांधून 'पोमॅटो'ही केलेलं. मुंबई-ठाण्यात गॅलरीत दोन-चार कुंड्या ठेवणाऱ्याला हे फार छान आहे, मुलं तर खूश होतील. शेतात मात्र दोन पिकांची काढणी, दोन पिकांची औषधं एका झाडावर सांभाळणं मला तरी जमेलसं वाटत नाही.

पैशाचं बोलू. आमच्याकडे साधं रोप दीड रुपयाला मिळतं, कलमी मला घाट उतरून पोच बारा रुपयाला पडलं. एका गुंठ्यात साधी वांगी अडीच बाय दोन फुटांवर सव्वादोनशेच्या आसपास बसतात, म्हणजे साडेतीनशेच्या आत काम. कलमी तीन बाय तीनवर सव्वाशे, म्हणजे दीड हजार. आकडा ऐकून घरात आधी सगळ्यांनी तोंडं वाकडी केली, मलाही जड गेलं. पण साध्या रोपांच्या हिशेबात मेलेल्या झाडांची जागा, त्यांना घातलेलं खत, मोकळ्या जागा भरायला पुन्हा आणलेली रोपं आणि त्या मरीच्या पावडरी धरल्या की चित्र बदलतं. आमच्या साध्या वाफ्यात निम्म्यापेक्षा जास्त झाडं जायची. कलमी वाफ्यात तुरळक गेली, आणि जी गेली त्यातल्या काहींना मर नव्हती, खोडाला उंदरांनी कुरतडलं होतं. ज्याच्या शेतात दहातलं एखादंच झाड मरतं त्याला हे परवडणार नाही हे मी स्पष्ट सांगते, त्याने ते पैसे शेणखतात घालावेत. सगळ्या शेतात एकदम लावूही नका, जिथे दरवर्षी मरतं तोच तुकडा आधी घ्या.

एवढं सगळं धरून वांग्याच्या कलमी रोपांना माझ्याकडून पाचपैकी साडेचार, अर्धा किमतीसाठी कापला. टोमॅटोला साडेतीन. पहिल्या नर्सरीच्या सेवेला एक, आणि तोही ट्रे वेळेवर पोचवला म्हणून. दुसऱ्या नर्सरीला पाच.

ज्यांना यंदा लावायचीत त्यांनी भात कापून झाल्यावर फोन करून उपयोग नाही, तेव्हा उरलेसुरले ट्रे मिळतील आणि तेही त्यांच्या मर्जीच्या हायब्रीडचे. रानवांग्याच्या खुंटालाच पन्नास-साठ दिवस जातात, वर कलम जुळून कडक व्हायला दोन-अडीच आठवडे. कार्तिकात लावायचं असेल तर गणपतीच्या आसपास बुकिंग करा, आपलं बी सुकवून, साफ करून, थोडं जास्तच द्या कारण उगवण कमी झाली तर काडी कमी पडते, ॲडव्हान्सच्या पावतीवर खुंटाचं नाव लिहून घ्या आणि न जुळलेली रोपं बदलून मिळणार का हे त्याच दिवशी ठरवून टाका. आमचं बी यंदा आधीच बांधून ठेवलंय, आणि मिरचीसाठी पण विचारलंय, जिवाणूजन्य मरीला टिकणारा मिरचीचाच खुंट मिळाला तर एक सरी लावून बघणार आहे, तिचा रिव्ह्यू पीक निघाल्यावर.